हवा खायला गेलेली सभा

शांतता परिषदेत मतदान होत नसे. मतं मोजली की कुणीतरी हरतं, हरलं की मन दुखतं आणि दुखलेली मनं पुढेमागे बंदुका शोधायला लागतात, असं संस्थापकांचं म्हणणं होतं. संस्थापक केव्हाच वर गेले. तिथला कारभार एकहाती चालतो म्हणतात, तेव्हा त्यांचं बरं चाललं असावं. खाली मात्र एकवीस देशांतल्या एकवीस संघटना एका लंबगोल टेबलाभोवती बसून सगळ्यांचं एकमत होण्याची वाट बघत. वीस जण हो म्हणाले आणि एकाने नुसती मान हलवली, तरी ठराव आडवा. त्यामुळे परिषदेचा आजवरचा एकही निर्णय चुकला नव्हता. निर्णयच इतके थोडे होते की चुकायला वाव कुठून मिळणार?

मेट्रनबाई या परिषदेत परिचारिकांच्या शांतता संघटनेकडून येत. सगळी नोकरी सरकारी हॉस्पिटलच्या सर्जिकल वॉर्डात गेलेली. तिथे कुणाचं रक्त वाहत असलं तर ते थांबवावं की कसं, यावर सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबायची पद्धत नव्हती. म्हणून परिषदेत त्या जरा आगाऊ समजल्या जात.

त्या दिवशी सकाळपासूनच त्यांचं टाळकं सरकलेलं होतं. कारण एक पूल.

पूल ज्या नदीवर होता तिच्या दोन्ही काठांवर एकमेकांवर रोखलेल्या तोफा होत्या. मधोमध परिषदेचे सहा निरीक्षक पांढरी जाकिटं घालून उभे राहत. बाकी ते काहीही करत नसत. पण ते उभे असेपर्यंत तोफा गप्प असत, आणि तेवढ्या वेळात अलीकडचे आजारी पलीकडच्या हॉस्पिटलात जाऊन येत. या निरीक्षकांची मुदत त्याच दिवशी सूर्यास्ताला संपत होती. परिषदेने ती वाढवली नाही, तर सहाही जण जाकिटं काढून गाडीत बसणार होते.

अलीकडच्या काठावर मेट्रनबाईंचा धाकटा भाऊ राहत होता. केस कापायचं दुकान होतं त्याचं. त्याच्या बायकोला घरात सगळे चिमणी म्हणत. चिमणीच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, आणि डायलिसिसचं मशीन होतं पलीकडच्या काठावर.

चहाच्या सुट्टीत धाकट्याचा फोन आला.

"काय गं ताई, ठरलं का?"

"ठरतंय."

"काय ठरतंय?"

"आधी कशावर बोलायचं ते ठरतंय."

"अगं, सकाळपासून तेच? माझ्या खुर्चीत गिऱ्हाईक बसलं की मी विचारतो, मिशी ठेवू का उडवू? तो सांगतो, मी उडवतो. संपलं."

"एकवीस जणांत मिळून एक मिशी असती म्हणजे तुला कळलं असतं. चिमणी कशी आहे?"

"पाय सुजलेत. काल रात्री आडवं झोपवेना, भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणते, ताईंना फोन करून त्रास देऊ नका, त्या मोठ्या माणसांत बसल्यात."

"कसली डोंबलाची मोठी माणसं! उद्या सकाळी आहे ना तिचं?"

"उद्या सकाळी. पूल असला तर. एखादं चुकलं तर ओढून नेता येतं, डॉक्टर म्हणाले. दोन चुकली की—"

"मला नको शिकवूस," मेट्रनबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. दोन चुकली की काय होतं ते त्यांनी वॉर्डात पुष्कळदा पाहिलं होतं. आधी धाप लागते, मग माणूस असंबद्ध बोलू लागतं, आणि मग तेही बंद होतं.

सुट्टीनंतर अध्यक्षांनी ठराव वाचला. निरीक्षकांना आणखी तीन महिने. अध्यक्ष एक अतिशय सज्जन गृहस्थ होते. ते दोन्ही बाजूंना इतके समान हसत की त्यांना स्वतःची बाजू उरलीच नव्हती.

"कुणाची हरकत?" त्यांनी विचारलं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या राजदूतांनी चष्मा काढून पुसला. हे निवृत्त राजदूत होते. सरकारी नोकरीत त्यांनी तीन युद्धं पाहिली होती आणि तिन्हींच्या आदल्या आठवड्यात 'परिस्थिती आशादायक आहे' असं सांगितलं होतं. निवृत्तीनंतर ते शांततेकडे वळले.

"हरकत असा मोठा शब्द मी वापरणार नाही," राजदूत म्हणाले. "तत्त्वतः आमचा पाठिंबाच आहे. फक्त समतोलाचा एक मुद्दा राहतो. नदीवर पूल दोन आहेत. आपण एकाच पुलावर निरीक्षक ठेवतो."

"दुसरा पूल पडलाय," मेट्रनबाई म्हणाल्या.

"ते मला मान्य आहे."

"म्हणजे नदीत आहे तो. त्याच्यावरून मासे जातात."

"बाई, तुमच्या भावना मी समजू शकतो," राजदूत मायेने म्हणाले. "पण तो पूल पलीकडच्यांच्या हद्दीतला. आपण उभ्या पुलाला निरीक्षक दिले आणि पडलेल्याला दिले नाहीत, तर तो त्यांना पक्षपात वाटेल. आणि एका बाजूचा विश्वास गेला की शांतता गेली."

मेट्रनबाईंनी टेबलावरच्या माणसांकडे पाहिलं. कुणीतरी हसेल असं त्यांना वाटत होतं. पण प्राध्यापक ते लिहून घेत होते. प्राध्यापक विद्यापीठांच्या शांतता मंचाकडून येत आणि कुणीही काही बोललं की त्यात तथ्य शोधत. त्यांना ते नेहमी सापडे.

"मुद्द्यात तथ्य आहे," प्राध्यापक म्हणाले. "मी घरून सूचना मागवतो."

"आम्हीही," असे आणखी सात-आठ जण म्हणाले. सूचना म्हणजे आपापल्या संघटनेच्या कार्यालयातून येणारा निरोप. तो यायला आठवडा लागे. सूर्य मात्र परिषदेचा सभासद नव्हता. तो आपल्या गतीने पश्चिमेकडे निघाला होता.

"चिमणीला आठवडा नाहीये!" मेट्रनबाई ओरडल्या. त्यांचा वॉर्डातला आवाज होता तो, चाळीस खाटा ओलांडून जाणारा. सगळे दचकले. मग सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी सहानुभूती आली, आणि ती त्या ओरड्यापेक्षा भयंकर होती.

अध्यक्षांनी घसा साफ केला. असा पेच पडला की वापरायचा एक जुना रिवाज परिषदेत होता. तो नियमात कुठे नव्हता, पण सगळे पाळत. ज्याला ठराव मान्यही करता येत नाही आणि मोडायचाही नाही, त्याने तेवढ्यापुरतं बाहेर जायचं. तो खोलीत नसताना एकमत होई. त्याला घरी सांगता येई की मी हो म्हणालो नाही, आणि खोलीतल्यांना सांगता येई की कुणी नाही म्हणालं नाही. याला परिषदेत 'हवा खायला जाणं' म्हणत.

"खोलीत जरा उकडतंय," अध्यक्ष छताकडे बघत म्हणाले. "कुणाला हवा खायची असेल तर माझी काही हरकत नाही."

राजदूत उठले. कोटाचं बटण लावलं, मेट्रनबाईंकडे बघून किंचित झुकले आणि व्हरांड्यात गेले. मेट्रनबाईंना हुश्श झालं. माणूस वाईट नाही, त्यांना वाटलं.

तेवढ्यात प्राध्यापक उठले. राजदूत बाहेर आणि आपण आत असं झालं, तर आपले लोक विचारतील, तू का बसून राहिलास? म्हणून तेही हवा खायला गेले. प्राध्यापक गेलेले पाहून त्यांच्या शेजारचे डॉक्टर गेले. डॉक्टर गेले तशी वकीलमंडळी उठली. प्रत्येकाच्या मनात एकच हिशोब होता: ठराव चांगला आहे, तो होणारच आहे, तेव्हा तो आपल्याशिवाय झाला तर अधिक चांगलं. जाताना प्रत्येक जण मेट्रनबाईंच्या खांद्यावर हात ठेवून, 'काळजी करू नका, आमची अडचण नाही' असं सांगून जात होता.

बघता बघता खोली रिकामी झाली. उरले अध्यक्ष, मेट्रनबाई, कोपऱ्यात नियमावली घेऊन बसलेल्या सचिवबाई, आणि जेवणानंतर झोपी गेलेले एक वयोवृद्ध धर्मगुरू. ते उठले असते तर तेही गेले असते.

"चला," मेट्रनबाई म्हणाल्या. "आता विरोध करायला कुणी नाही. आपटा हातोडा."

अध्यक्षांनी लाकडी हातोडा उचलला आणि सचिवबाईंकडे पाहिलं.

"कोरम नाही," सचिवबाई म्हणाल्या. "निम्म्याहून जास्त लागतात. आपण तिघे आहोत, त्यातले एक झोपलेले. मी तर धरलीच जात नाही."

"मग त्यांना आत बोलवा!"

"आत आले तर ते हजर होतील," अध्यक्ष कळवळून म्हणाले. "हजर झाले की त्यांना बोलावं लागेल. म्हणूनच तर ते बाहेर गेले ना!"

मेट्रनबाई तरातरा व्हरांड्यात गेल्या. तिथे अठरा माणसं खरोखरच हवा खात होती. कुणी कुंडीतल्या झाडाची पानं चाचपत होतं, कुणी मुलांचे फोटो दाखवत होतं. सगळे प्रसन्न होते. आपण काहीतरी त्याग केला आहे अशी एक झळाळी त्यांच्या तोंडावर होती.

"झालं?" राजदूतांनी आनंदाने विचारलं.

"काय झालं? सगळेच बाहेर आलात तर आत होणार कसं?"

"सगळेच?" राजदूतांनी आजूबाजूला पाहिलं, जणू ही माणसं त्यांना आत्ताच दिसली. "अरे! हे बरोबर नाही. कुणीतरी थांबायला हवं होतं."

"तुम्ही थांबा."

"मी कसा थांबणार? मी तर मूळचा हवा खाणारा."

मेट्रनबाई प्राध्यापकांकडे वळल्या. प्राध्यापकांनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी वकिलांकडे, आणि वकिलांनी कुंडीकडे. पुढचा तास-दीड तास त्या एकेकाला दंडाला धरून विनवत होत्या. आयुष्यात त्यांनी एवढी मनधरणी मुतखड्याच्या पेशंटांचीही केली नव्हती. आधी कुणी आत जायचं यावर व्हरांड्यात एक उपसमिती झाली. उपसमितीतही मतदान नव्हतं.

शेवटी अध्यक्ष दारात आले.

"मित्रहो, आज काही व्हायचं दिसत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू. फक्त सभा संपवण्यापुरते आत या. संपवायलाही कोरम लागतो."

आणि काय आश्चर्य! तासभर जी माणसं ओढून हलत नव्हती ती भराभरा आत आली. विमानं गाठायची होती. खालच्या दरवाज्याशी सगळ्यांच्या बॅगा ओळीने लावून ठेवलेल्या होत्या. धर्मगुरूही जागे झाले.

त्यांना खुर्च्यांत बसताना पाहून मेट्रनबाईंच्या डोक्याची शीर उडायला लागली. उठून यायला जमतं तर! पाय धड आहेत तर सगळ्यांचे! सुजलेले नाहीत कुणाचे!

"सभा संपली असं समजायला," अध्यक्ष नेहमीच्या सुरात म्हणाले, "कुणाची हरकत?"

हे वाक्य ते श्वास सोडावा तसं म्हणत. त्याला परिषदेच्या जन्मापासून कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. हातोडा खाली यायला निघाला होता.

"माझी," मेट्रनबाई म्हणाल्या.

त्यांनी आधी काही योजलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. हातोडा हवेत राहिला.

"तुमची काय?"

"हरकत. माझा विरोध आहे. सभा संपलेली नाही."

"बाई, असा विरोध करत नाहीत," राजदूत म्हणाले.

"नियमात नाही असं?"

सगळ्यांनी सचिवबाईंकडे पाहिलं. सचिवबाईंनी पानं उलटली. "सगळे निर्णय एकमताने," त्या म्हणाल्या. "संपवणं हा निर्णयच आहे. आणि चालू सभा टाकून जी संघटना या इमारतीचा उंबरठा ओलांडेल, ती परिषदेतून बाहेर पडली असं धरायचं. संस्थापकांनी घातलंय. व्हरांडा चालतो. रस्ता नाही."

प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं. "माझं विमान आहे हो!"

"माझ्या भावजयीचा पूल आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "बसा. मी वॉर्डात बारा-बारा तास उभी राहिलेली बाई आहे. मला इथे खुर्ची आहे, वर पंखा आहे. मी परवापर्यंत सुद्धा बसेन. तुमच्यापैकी ज्याला पडलेल्या पुलावर बोलायचंय त्याने सावकाश बोलावं."

खोलीत अशी शांतता पसरली की संस्थापक धन्य झाले असते. मग कुजबूज सुरू झाली. ही अडवणूक आहे, असं डॉक्टर म्हणाले. एका व्यक्तीने सगळ्यांना वेठीला धरणं परिषदेच्या भावनेविरुद्ध आहे, असं वकील म्हणाले. दुपारी एका व्यक्तीने चष्मा पुसत सगळ्यांना वेठीला धरलं, तेव्हा तो समतोल होता. मेट्रनबाई मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर चढलं होतं.

प्राध्यापक राजदूतांच्या कानाशी गेले, तिथून अध्यक्षांच्या, आणि मग खुर्ची ओढून मेट्रनबाईंच्या शेजारी बसले.

"तोडगा निघालाय. तीन महिने देऊ. समतोलासाठी सहांतला एक निरीक्षक पडलेल्या पुलावर बसेल."

"तिथे काय करेल तो?"

"निरीक्षण. आणि दुसरं, आजसारखा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून नियमात एक छोटा बदल. यापुढे सभा संपवायला एकमत लागणार नाही. अध्यक्ष एकटे संपवू शकतील. त्याला तुम्ही हरकत घ्यायची नाही."

"या बदलाला बाकीच्यांची मान्यता आहे?"

"सगळ्यांची."

"घरून सूचना मागवल्या?"

"त्याला कशाला सूचना? ती कामकाजाची बाब आहे."

"आणि पूल?"

"तो नाजूक प्रश्न आहे."

मेट्रनबाईंच्या हाताशी पाण्याचा पेला होता. तो प्राध्यापकांच्या डोक्यावर ओतावा असं त्यांना फार मनापासून वाटलं. पण पेला ओतला असता तर प्राध्यापकांना त्यातही तथ्य सापडलं असतं.

"आधी पूल," त्या म्हणाल्या.

"आधी नियम," राजदूत टेबलाच्या त्या टोकाहून म्हणाले. त्यांचे कान तयार होते. "तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. पण तुम्ही आज भावनेच्या भरात आहात."

भिंतीवरचं ऊन आता छताजवळ गेलं होतं. मेट्रनबाईंनी होकारार्थी मान हलवली.

"नियमाच्या बदलाला कुणाची हरकत?" अध्यक्षांनी विचारलं. हातोडा पडला. पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ गेला नाही. एकवीस देशांतल्या एकवीस संघटना इतक्या झटकन कशावर एक झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"आता पुलाचा ठराव. कुणाची हरकत?"

सगळे राजदूतांकडे बघू लागले. राजदूत उठले नाहीत. ते पेनाला टोपण लावत होते. मेट्रनबाईंच्या हातातलं हत्यार आता गेलेलं होतं. हा माणूस नुसता 'पण' म्हणाला असता, तरी अध्यक्ष सभा संपवून विमानतळावर जायला मोकळे होते. आणि हे राजदूतांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच टोपण एवढं सावकाश लागत होतं. आपल्या चिमणीचा जीव या इसमाच्या टोपणाला टांगलाय!

टोपण लागलं. राजदूतांनी पेन खिशात ठेवलं, आणि ते हवा खायला गेले. या वेळी एकटेच गेले. बाकीच्यांनी खुर्च्यांचे हात घट्ट धरून ठेवले होते.

हातोडा पडला. टाळ्या सुरू झाल्या. अध्यक्ष उभे राहून म्हणाले की हा संवादाचा विजय आहे, संयमाचा विजय आहे, आणि—

"टाळ्या बंद करा!" मेट्रनबाई ओरडल्या.

टाळ्या थांबल्या.

"कशाचं कौतुक करताय? सहा माणसं उभी होती तिथे पाच केलीत! बाईला मशीनपर्यंत जाऊ द्यायचं एवढं एक काम. ते करायला दिवस घातलात, वर माझ्याकडून किंमत घेतलीत, आणि आता टाळ्या?"

मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोरच धाकट्याला फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"उघडा राहतोय रे पूल. उद्या घेऊन जा तिला."

पलीकडून धाकट्याने नाक ओढल्याचा आवाज आला. मग चिमणीला हाक मारून सांगितल्याचा. मग तो परत आला.

"ताई, किती दिवस आहे हे?"

"तीन महिने."

"तीन महिने. बरं. बरंच झालं. पण ताई, हिचं तर जन्माचं आहे ना गं? मग तीन महिन्यांनी काय करायचं?"

आवाज मोठा होता. टेबलाच्या त्या टोकापर्यंत प्रश्न गेला. प्राध्यापकांनी खाली पाहिलं. डॉक्टरांनी डबीतली गोळी तोंडात टाकली. राजदूत दारात उभे होते, आत यावं की न यावं अशा बेताने. मेट्रनबाईंनी एकेकाच्या डोळ्यांत बघितलं. कुणीतरी सांगावं, त्यांना वाटलं. एकाने तरी.

अध्यक्षांनी घसा साफ केला. दोन्ही बाजूंना सारखं हसले.

"सभा संपली," ते म्हणाले, आणि त्यांनी हातोडा आपटला. या वेळी कुणाची हरकत विचारायची नव्हती.

खुर्च्या सरकल्या. माणसं दाराकडे धावली.

"ताई?" धाकटा घाबरून विचारत होता. "कसला आवाज झाला गं? तिकडे तोफा सुरू झाल्या का काय?"

"नाही रे," मेट्रनबाई म्हणाल्या. "इकडे शांतताच आहे."

जिन्यावरून बॅगांची चाकं खडखडत उतरत होती. मेट्रनबाईंनी खुर्ची टेबलाला आणखी जवळ ओढून घेतली.

"चिमणीचे पाय उशीवर ठेव. पाणी मोजून दे, मागितलं तरी जास्त देऊ नकोस. आणि तिला फोन दे जरा. मला तिच्याशी बोलायचंय. इथे मला आता कुणी उठवत नाही."